प्रीमियम क्रेडिट कार्ड नाकारलं, कारण काय तर क्रेडिट हिस्ट्री कमी (कॉलेज रोड, नाशिक)

बँकेचं नाव लिहीत नाही, कॉलेज रोडवरची एक खासगी बँक एवढं पुरे. अंबडच्या आमच्या फॅब्रिकेशन युनिटचं करंट अकाउंट कित्येक वर्षं तिथेच आहे, माझं सेव्हिंग तिथेच, एफडी तिथेच, रिटर्न वेळेवर भरलेले. बँकेला नाही म्हणायचा हक्क आहे, ते मला मान्य आहे, पण आधी स्वतः मागे लागून अर्ज भरून घ्यायचा आणि मग नाही म्हणायचं हे पटलं नाही म्हणून हा रिव्ह्यू.

झालं असं की रिलेशनशिप मॅनेजरचे फोन सुरू झाले, सर तुमचं प्रोफाइल एकदम स्ट्राँग आहे, आपलं वरचं कार्ड घ्या, लिमिट भारी बसेल. वर्षाची फी दहा हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एअरपोर्ट लाउंज, आणि परदेशात वापरलं तर मार्कअप, म्हणजे खर्चावर लागणारा जादा आकार, २ टक्के, साध्या कार्डांना तो बहुतेक साडेतीनच्या आसपास असतो. मला मशीनचं प्रदर्शन बघायला बाहेर जायचं होतं, तिकडे हॉटेल, खर्च सगळा कार्डावरच होणार, त्यामुळे हा फरक माझ्या कामाचा होता. मी त्याला तोंडावर विचारलं, बाबा रिपोर्टमध्ये दिसेल असं माझ्या नावावर एक फ्रीजचा ईएमआय सोडला तर आयुष्यात दुसरं काही नाही, चालेल का. त्याने मोबाइलवर माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीवरून मिळणारे गुण, बघितला, साडेसातशेच्या वर होता, म्हणाला सर चालेल काय, पळेल.

मग एके दिवशी मेसेज. बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही. बस एवढंच. फोन केला तर म्हणे सिस्टीमने रिजेक्ट केलं सर, काही महिन्यांनी परत टाकू. अरे पण कारण काय ते तर सांग! त्यालाच माहीत नव्हतं.

इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांबाबतचे निर्देश आहेत, त्यात स्पष्ट आहे की अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं. अंतर्गत धोरण हे काही नेमकं कारण झालं नाही. मी तेवढाच मुद्दा लिहून त्यांच्या तक्रार विभागाला मेल टाकला, कुणाला शिव्या नाही की धमकी नाही, आणि मग मात्र नीट उत्तर आलं: या श्रेणीच्या कार्डासाठी आवश्यक तेवढी क्रेडिट हिस्ट्री नाही. हे पहिल्या मेसेजमध्ये लिहायला काय हरकत होती?

सिबिल, म्हणजे लोकांच्या कर्जांची आणि फेडीची नोंद ठेवणारी कंपनी, तिचा रिपोर्ट काढला तेव्हा चित्र कळलं. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि आपण सगळे त्या आकड्यालाच धरून बसतो, पण आकडा चांगला आणि फाइल पातळ असं होऊ शकतं, माझं तेच झालंय. एकच छोटं कर्ज, वेळेवर फेडलं, म्हणून स्कोअर छान. पण लाखोंची लिमिट देणाऱ्याला बघायचं असतं की मोठी रक्कम वर्षानुवर्षं हातात असताना हा माणूस कसा वागतो, आणि ते माझ्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही. करंट अकाउंटची उलाढाल तिथे दिसत नाही, एफडी दिसत नाहीत, यूपीआय आणि डेबिट कार्ड तर नाहीच नाही. दिसतं फक्त उधार घेतलेलं आणि फेडलेलं.

आणि इथेच नाशिककरांचं अवघड होतं बघा. माझी पहिली बेंडिंग मशीन सिडकोतल्या पतसंस्थेच्या कर्जावर आली, एक हप्ता चुकला नाही, पूर्ण फिटलं, रिपोर्टमध्ये त्याचा मागमूस नाही. वडिलांची निफाडला द्राक्षबाग, औषधवाल्याकडून अख्ख्या हंगामाची उधारी यायची आणि माल गेला की आधी त्याचे पैसे द्यायचे मग घरात, असं सगळं आयुष्य गेलं. पत्रा देणारा व्यापारी मला आजही एका फोनवर माल पाठवतो. भिशी, पतसंस्था, उधारी यावर इथले कितीतरी धंदे उभे आहेत, ही माणसं पैसे बुडवणारी नाहीत, बाजारात त्यांचा शब्द चालतो, पण सिबिलच्या लेखी ती कोणीच नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनेही संसदेत सांगितलं की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला फक्त हिस्ट्री नाही म्हणून नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय. ते कर्जाबद्दल आहे, त्याच्या जोरावर प्रीमियम कार्ड मागता येईल असं मी म्हणत नाही, पण निदान हा प्रश्न आहे हे वरपर्यंत पोचलंय.

राग मला खरा त्या एन्क्वायरीचा आहे. बँकेने अर्जासाठी रिपोर्ट ओढला की त्याची नोंद राहते, पुढच्या बँकेलाही ती दिसते, आणि असे अर्ज लागोपाठ टाकले तर स्कोअरवर परिणाम होतो. म्हणून काही महिन्यांनी परत टाकू हा सल्ला मला मुळीच पटला नाही, हिस्ट्री तेवढ्यात कुठून वाढणार आहे. आपण स्वतः आपला रिपोर्ट बघितला तर मात्र स्कोअर कमी होत नाही, बिनधास्त बघा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या अशी नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुठल्या एजंटला पैसे देऊ नका.

आता चांगलं पण सांगतो. मेलचं उत्तर आल्यावर शाखेत गेलो तर काउंटरवरच्या एका मॅडमनी व्यवस्थित बसवून समजावलं की एफडीवर कार्ड घ्या. एफडी तारण राहते, तिचं व्याज चालूच राहतं, तिच्या ८०-९० टक्क्यांपर्यंत लिमिट मिळते, उत्पन्नाचे कागद लागत नाहीत, आणि सिबिलला त्याची नोंद बाकीच्या कार्डांसारखीच जाते. बायकोच्या कार्डावर ॲड-ऑन, म्हणजे तिच्याच खात्यावरचं माझ्या नावाचं जोडकार्ड, घेऊ का विचारलं तर म्हणाल्या नको, त्याची हिस्ट्री मूळ कार्डवाल्याच्या नावावर जाते, तुम्हाला उपयोग नाही. दर महिन्याला पूर्ण बिल भरा, मिनिमम ड्यूच्या, म्हणजे बिलातली किमान रक्कमच भरायच्या, नादी लागू नका आणि लिमिट काठोकाठ वापरू नका. ही माहिती पहिल्या फोनवर मिळाली असती तर एन्क्वायरीही पडली नसती.

ते कार्ड घेतलंय, लाउंज नाही, मार्कअप साडेतीनच, त्यामुळे बाहेरच्या प्रवासाला यावेळी फॉरेक्स कार्ड काढतोय, त्यात परकीय चलन आधीच भरून ठेवायचं, ते प्रीपेड असल्याने हिस्ट्रीचा प्रश्नच येत नाही.

पाचपैकी दोन स्टार. दोन्ही त्या मॅडमचे. कार्ड विकणाऱ्या टीमला शून्य, आणि तुमच्या नावावर एखादंच छोटं कर्ज असेल तर या शाखेत वरच्या कार्डाचा फॉर्म भरण्याआधी किमान किती वर्षांची हिस्ट्री लागते ते मेलवर लिहून मागा, तोंडी उत्तरावर सही करू नका.