छत उघडणारी गाडी की बाजू उघडी गाडी? आफ्रिकेत पक्षी टिपायला जाणाऱ्यांसाठी

लेन्स कोणती न्यायची यावर आपल्याकडे महिनोन्‌महिने खल चालतो. गाडी मात्र टूरवाला देईल ती. फक्त सिंह-बिबटे टिपायचे असतील तर तेही खपून जातं. पण रंगीत पक्ष्यांवर जीव असेल तर पैसे भरण्याआधी गाडीचं विचारून घ्या.

पर्याय ढोबळमानाने दोन. एक म्हणजे छत वर उचललं जाणारी बंद लँड क्रूझर. केनियातल्या नैरोबी किंवा टांझानियातल्या अरुशाहून निघणाऱ्या बहुतेक ग्रुपना हीच मिळते. दुसरी, बाजूंनी पूर्ण उघडी, वर ताडपत्री असलेली कॅम्पची गाडी. केनियातल्या मसाई मारा अभयारण्याला लागून असलेल्या नाबोइशो, मारा नॉर्थसारख्या कॉन्झर्व्हन्सींत (म्हणजे खासगी राखीव रानांत) आणि खाली झांबियातल्या साउथ लुआंग्वाकडे ती सर्रास दिसते. मी दोन्हींत बसलोय.

बंद गाडीची बाजू अजिबात लंगडी नाही. छताखाली उभं राहिलं की चारही दिशा मोकळ्या. पक्षी डावीकडून उजवीकडे गेला तर आपण फक्त वळायचं. बीन बॅग, म्हणजे लेन्सखाली ठेवायची दाण्यांची पिशवी, छताच्या कडेवर टेकवली की लेन्स पक्की बसते (बॅग इथून रिकामी न्या, तांदूळ तिथे भरा). धुळीचा लोट आला की काचा लावून घेता येतात. उघड्या गाडीत तो लोट थेट सेन्सरच्या दिशेने येतो. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची सवय असेल तर सोडा, केनियात २०१७ पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे. उशीचा अभ्रा उत्तम.

मग माझं घोडं अडलं कुठे? उंचीवर. छतातून उभं राहिलं की कॅमेरा जमिनीपासून सुमारे अडीच मीटरवर जातो, आणि तिथल्या कितीतरी देखण्या पक्ष्यांचा रंग असतो छातीवर. लायलॅक-ब्रेस्टेड रोलर, म्हणजे आपल्या नीलपंखाचा चुलतभाऊ, वारुळावर बसलेला वरून पाहिला तर बरीचशी तपकिरी पाठ दिसते. यलो-थ्रोटेड लाँगक्लॉचं तर विचारूच नका. समोरून पिवळाजर्द गळा आणि त्यावर काळी माळ. वरून पाहिलं तर माळरानावरची कुठलीही चिमणी. शिवाय पक्ष्यामागे लांबचं धूसर गवत यायच्या ऐवजी त्याच्या पायाखालचंच गवत येतं, काडी न् काडी स्पष्ट.

‘मग खाली बसून खिडकीतून काढा की!’ बरोबर, काढता येतो. पण काच अर्धीच सरकते, बीन बॅग त्या अरुंद कडेवरून घसरते आणि त्या वेळी बाकीची मंडळी उभी असतात. त्यांचे गुडघे तुमच्या कानाशी. कुणी पाय बदलला की गाडी हलते आणि फोटोत पक्ष्याचा डोळा धूसर. तेवढ्यात कुणीतरी ‘चित्ता!’ म्हणतं, की पुन्हा उभे राहा. या उठाबशांनीच मला बंद गाडीतून उठवलं.

उघड्या गाडीत बसल्या जागी कॅमेरा बराच खाली येतो. कॉन्झर्व्हन्सीत सहसा रस्ता सोडायची मुभा असते, त्यामुळे ड्रायव्हर गाडी जरा तिरकी लावून सूर्य पाठीशी घेऊ शकतो. मसाई माराच्या मुख्य अभयारण्यात वाट सोडायला मनाई आहे. रोलर आणि लिटल बी-ईटर (आपल्या वेड्या राघूचा भाऊबंद) दोघंही भक्ष्य टिपून बऱ्याचदा त्याच फांदीवर परततात. म्हणून पक्षी उडाला तरी निघायची घाई नको. इंजिन बंद करायला लावा आणि बसून राहा. माझे मनासारखे फोटो बहुतेक अशा दुसऱ्या फेरीतले आहेत.

तोटे आहेतच. पक्षी पलीकडच्या बाजूला बसला तर शेजाऱ्याच्या मांडीवरून लेन्स काढावी लागते, म्हणून एका रांगेत एकच फोटोग्राफर हवा. माराची उंची दीड हजार मीटरच्या आसपास. जुलै-ऑगस्टच्या पहाटे बोटं आखडतात. शिवाय ही गाडी कॅम्पची असल्याने तिथवर तुम्हाला वेगळं पोहोचावं लागतं. छोट्या विमानाने गेलात तर हातातल्या सामानासकट साधारण १५ किलोची मर्यादा, म्हणजे मोठी प्राइम (झूम नसलेली) लेन्स नेताना कपड्यांवर कात्री. खर्चही चढतो.

घरची मंडळी सोबत असतील, मुलांना सिंह दाखवायचा असेल, तर बंद गाडीच सोयीची, यात वाद नाही. पण दोघं-तिघं पक्षीवेडे असाल तर दोन दिवस कमी करून का होईना, उघडी गाडी घ्या असंच मी सुचवेन. मात्र आसनं मागे चढत्या पायऱ्यांची असतात; शेवटची रांग मिळाली तर कमी उंचीचा फायदा गेलाच म्हणून समजा. पहिली रांग आधीच मागून घ्या. आणि बंद गाडीच नक्की झाली, तर टूरवाल्याला एवढंच विचारा, की काच पूर्ण खाली जाते की अर्धीच सरकते. त्याला माहीत नसेल तर गाडीचा आतला फोटो मागवा.