ईआरव्हीची देखभाल: एएमसी घ्यावी की घोडा काढावा?

घरात ईआरव्ही (शिळी हवा बाहेर टाकून बाहेरची हवा गाळून आत घेणारं, आणि दोन्ही हवांत उष्णता-दमटपणाची देवाणघेवाण करणारं यंत्र) बसवल्यावर पहिलं वर्ष कसलाच प्रश्न पडत नाही. वॉरंटी असते, बसवून देणारा फोनही उचलतो. दुसऱ्या वर्षी एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, कागद समोर येतो. मग सही करायची की घोडा (घडीची शिडी) काढून स्वतःच वर चढायचं, हे ठरवावं लागतं. मी दोन वर्षं करारात काढली, आता स्वतः करतो. आमचं घर बालेवाडीत आहे, आजूबाजूला चार इमारती उभ्या राहताहेत. तुमचं घर टेकडीच्या कुशीत असेल तर माझा अनुभव थोडा सौम्य करून वाचा.

करारवाल्यांना श्रेय द्यायचं तिथे देतो. पहिल्याच भेटीत त्यांच्या माणसानं फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घालून सांगितलं की बेडरूमकडे जाणारा डक्ट (हवेची नळी) जोडावरच्या कॉलरमधून निसटलाय. म्हणजे आम्ही ताजी हवा आत घेत होतो आणि ती छताच्या पोकळीत सोडत होतो! हे मला जन्मात कळलं नसतं. मोटरचा आवाज, वायरिंग, डॅम्पर (डक्टमधली हवेची झडप) अडकलाय का, यासाठी सरावलेला कान आणि हात लागतो, हे खरंच.

पण येणारी सगळीच मुलं मुळात एसीची. दुसऱ्या वर्षी एकजण पाण्याचा पंप घेऊन आला आणि कोअर (दोन्ही हवांची देवाणघेवाण जिथे होते तो मधला ठोकळा) बाल्कनीत धुवायला निघाला. आमचा कोअर कागदी. पाणी लागलं की संपला. बायकोनं वेळेवर हटकलं म्हणून वाचला. काही कंपन्यांचे पॉलिमरचे कोअर धुता येतात, त्यामुळे आधी तुमचं मॅन्युअल बघा.

तरी एवढ्यावरून मी करार सोडला नसता. सोडला तो तारखांमुळे.

करारात वर्षाला चार भेटी होत्या, दर तीन महिन्यांनी एक. कागदावर छान दिसतं. पण पुण्याची धूळ काही तिमाहीच्या हिशोबानं येत नाही. पाऊस असेपर्यंत फिल्टर बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. ऑक्टोबरात जमीन सुकली की बांधकामाची माती उडायला लागते, मग दिवाळीचे फटाके, मग थंडीत सकाळी खाली साचून राहणारी हवा. ऑगस्टमधल्या भेटीत त्या मुलानं जवळजवळ कोरा फिल्टर झटकून परत लावला आणि कार्डावर सही घेतली. पुढची भेट ऑक्टोबरअखेर झाली आणि त्यानंतरची थेट जानेवारीत.

नोव्हेंबरात पाहुण्यांच्या बाथरूममधून गटाराचा वास यायला लागला. प्लंबर आला, फरशीतल्या जाळीत बादलीभर पाणी ओतलं, वास गेला. डिसेंबरात पुन्हा तेच. त्याच सुमारास लक्षात आलं की मुख्य दार किंचित उघडलं तरी बाहेरची हवा शीळ घालत आत येते आणि उंबऱ्याशी धुळीची काळी रेघ उमटते. शेवटी ईआरव्हीखालचं छतातलं झाकण, म्हणजे हॅच, उघडलं. बाहेरून हवा घेणारा फिल्टर तव्यासारखा काळा, आणि घरातली हवा बाहेर नेणारा मात्र ठीकठाक. म्हणजे पंखा हवा बाहेर फेकत होता, पण तेवढी आत येत नव्हती. मग घर मिळेल तिथून हवा ओढणार: दाराच्या फटीतून, नाहीतर न वापरलेल्या बाथरूमच्या आटलेल्या ट्रॅपमधून (गटाराचा वास अडवायला जाळीखाली पाणी साठतं ती जागा). हवा गाळायला यंत्र लावलं आणि गटारातून श्वास घेत बसलो! फोन केला तर उत्तर मिळालं, ‘सर, तुमची व्हिजिट जानेवारीत ड्यू आहे.’ आणि फिल्टरवर लाल दिवा लागतो म्हणाल, तर आमच्या मशीनमध्ये तो फक्त तास मोजतो. मळ किती साठला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

स्वतः करायचं म्हटलं तर काम अर्ध्या तासाचं. एमसीबी बंद करायचा, हॅचखाली जुनी चादर अंथरायची (पहिल्यांदा अंथरली नव्हती, गादी झटकत बसलो), क्लिपा काढायच्या, फिल्टरवरच्या बाणाची दिशा बघून ठेवायची. जाड जाळीचा फिल्टर धुऊन सावलीत वाळवता येतो. बारीक फिल्टर धुवायचा नाही, सरळ बदलायचा. कोअरवरून वर्षातून एकदा मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम फिरवायचा. बाहेर काढण्याआधी पेनानं खूण करा, उलटा बसला की कपाळावर हात. ड्राय बाल्कनीत बाहेरची हवा घेणाऱ्या डक्टच्या तोंडाची जाळी विसरू नका, आमच्याकडे तिथे पारव्यांची पिसं अडकतात. शेवटी खोलीत हवा सोडणाऱ्या आणि ओढणाऱ्या ग्रिलसमोर टिश्यू पेपर धरून बघायचा. एकीकडे तो ढकलला गेला पाहिजे, दुसरीकडे चिकटला पाहिजे.

तारखा आता मी ठरवतो. दसऱ्यानंतर मे संपेपर्यंत दर महिन्याला डोकावतो, आणि पाषाणच्या हवामान संस्थेच्या ‘सफर’ या सेवेचा हवेच्या प्रदूषणाचा आकडा फुगला तर आधीच. पावसाळ्यात एकदा. पावसाळ्यावरून आठवलं, एसी बंद ठेवून ईआरव्ही चालवली तर दमटपणा कमी होत नाही. आतली आणि बाहेरची हवा सारखीच ओली असेल, तर कोअर तरी काय देवाणघेवाण करणार? ही तक्रार घेऊन मेंटेनन्सवाल्याला बोलावू नका.

युनिट जिन्याच्या वर किंवा पोटमाळ्यात अडचणीच्या जागी असेल, घरात फक्त ज्येष्ठ असतील, किंवा तुम्ही सहा महिने परदेशी असाल, तर करारच घ्या. त्यात कमीपणा नाही. सही करण्यापूर्वी नोव्हेंबर आणि फेब्रुवारीची भेट लिहून मागा, आणि फिल्टरची किंमत त्यात धरली आहे का, तेही विचारा. आमच्यात धरली नव्हती. मी स्वतः मे महिन्यात एकदा पैसे देऊन माणूस बोलावतो, डक्ट आणि मोटर बघायला. एवढंच.

घोडा घेण्याआधी मात्र छताची उंची मोजा. आमचा पहिला एक पायरी आखूड निघाला, तो आता तुळशीच्या कुंड्या सांभाळतोय.