हिल कंट्रीतील विक्रीचे रँच : दोन उत्पन्ने, एक कुरण

टेक्सासच्या हिल कंट्री भागात, केर काउंटीच्या पश्चिमेकडील पठारावर, सुमारे ६०० एकरांचे एक रँच ‘गुरे आणि शिकार’ अशा दुहेरी उपयोगासाठी विक्रीला आहे. सॅन अँटोनिओत राहणाऱ्या आम्हा काही मराठी कुटुंबांनी भागीदारीत जमीन घेण्याच्या विचाराने ते पाहिले. असाच विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. व्यवहार अपूर्ण असल्याने मालकाचे आणि दलालाचे नाव देत नाही.

जागा देखणी आहे, यात वाद नाही. चुनखडीचे पठार, त्यात उतरत गेलेल्या घळी, लाइव्ह ओकची जुनी झाडे, राहण्याजोगे घर, गुरे धरण्यासाठी लोखंडी कठड्यांचा भक्कम वाडा, दोन बोअरवेल आणि मातीचा बांध घालून केलेला तलाव एवढे सगळे तयार मिळते. चारही बाजूंना आठ फूट उंचीचे जाळीचे कुंपण आहे आणि ते उत्तम स्थितीत आहे. घरातील खोल्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही; अशी जमीन कोणी खोल्यांसाठी घेत नाही.

माहितीपत्रकात उत्पन्नाचे दोन स्वतंत्र रकाने आहेत. एकात गाईंपासून होणारी वासरे, दुसऱ्यात शिकाऱ्यांकडून येणारे शुल्क. या दोन रकान्यांची बेरीज करून किंमत ठरवलेली दिसते, आणि माझा मुख्य आक्षेप या बेरजेलाच आहे.

गाईंपासून सुरुवात करतो. कळप ‘ब्राह्मण’ नावाच्या गोवंशाच्या संकरातील आहे. अमेरिकेतील ही जात गीर, कांकरेज, ओंगोल आणि काही प्रमाणात आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली अशा भारतीय वंशांतून घडवली गेली. वशिंड आणि गळ्याखालची लोंबती पोळी पाहून सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. ऊन आणि गोचीड सहन करण्याची तिची ताकद इथे खरोखर उपयोगी पडते. जनावरे निरोगी आहेत, शांत आहेत, माणसाला सरावलेली आहेत. मात्र या पातळ मातीच्या पठारावर वासरासह एका गाईला वर्षभर चरण्यासाठी साधारणपणे वीस एकर किंवा त्याहून जास्त कुरण लागते. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षीसुद्धा ६०० एकरांवर पंचवीस-तीस गाईंपेक्षा जास्त कळप ठेवता येणार नाही. वासरांच्या विक्रीतून या जमिनीची किंमत कधीही वसूल होणार नाही, हे आधीच मान्य करावे.

म्हणून शिकार. टेक्सासमधील बहुतेक सर्व जमीन खाजगी मालकीची असल्यामुळे शिकाऱ्याला जमीनमालकाच्या परवानगीवाचून गत्यंतर नसते, आणि त्या परवानगीचे पैसे हेच रँचचे उत्पन्न होते. १९५०च्या दशकातील प्रदीर्घ दुष्काळात गुरांचा धंदा बसल्यावर अनेक रँच याच वाटेने वाचले. येथे एक भेद समजून घेणे आवश्यक आहे. पांढऱ्या शेपटीचे स्थानिक हरीण खाजगी जमिनीवर असले तरी कायद्याने ते राज्यातील जनतेचे असते आणि त्याच्या शिकारीचा हंगाम ठरलेला असतो. परदेशातून आणलेले प्राणी मात्र जमीनमालकाचे मानले जातात आणि त्यांची शिकार बारा महिने चालते. या रँचवर असे दोन परदेशी प्राणी आहेत : चितळ आणि काळवीट. दोन्ही १९३२च्या सुमारास या भागात आणले गेले आणि इथेच रुजले. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून ज्यांची शिकार बंद आहे आणि ज्या काळविटांसाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य राखले आहे, त्यांच्याकडे इथल्या मचाणावरून पाहताना मला जड गेले, हे लपवत नाही. तरीही कुंपणाच्या आत ना वाघ आहे ना बिबट्या. संख्या माणसानेच आटोक्यात ठेवायची आहे, आणि ती ठेवली नाही तर काय होते हे याच जमिनीवर स्पष्ट दिसते.

घळीच्या कडेने चालत गेल्यास झाडांची पालवी एका ठरावीक उंचीपर्यंत साफ खाल्लेली दिसते, जणू कोणी दोरी लावून छाटली आहे. त्या रेषेखाली ओकचे एकही नवे रोप नाही. गवत आखूड आहे, मधूनमधून खडक उघडा पडला आहे, आणि ज्याला कोणी तोंड लावत नाही तो सीडर, म्हणजे इथला जुनिपर, मोकळ्या जागा व्यापत चालला आहे. स्थानिक हरीण मुख्यतः पालवी आणि रुंद पानांच्या वनस्पती खाते, त्यामुळे गाईशी त्याचा फारसा झगडा नसतो. चितळ मात्र आधी गवत खाते आणि गवत संपले की पालवीकडे वळते. म्हणजे ते गाईचाही घास घेते आणि हरणाचाही. माहितीपत्रकातील दोन रकाने प्रत्यक्षात एकाच कुरणातून भरले जातात, आणि ते कुरण आजच थकलेले आहे. ठिकठिकाणी मका टाकणारे स्वयंचलित फीडर उभे आहेत. त्यांनी शिकाऱ्यासमोर जनावर येते, पण जमिनीवरचा भार कमी होत नाही. २०११सारखे कोरडे वर्ष पुन्हा आले तर इथे गाई आणि चितळ दोन्ही विकावे लागतील, तेही भाव पडलेले असताना.

कुरण सुधारणे अशक्य नाही. चितळांची संख्या मोठ्या प्रमाणात घटवावी, दोन-तीन वर्षे गाई निम्म्यावर आणाव्यात, सीडर टप्प्याटप्प्याने काढावा, आणि जमीन पुन्हा जोम धरू लागेल. या काळात उत्पन्न जवळजवळ बंद राहील, आणि मागितलेल्या किमतीत याची कोठेही वजावट नाही.

करांच्या बाबतीत परिस्थिती समाधानकारक आहे. जमिनीला शेतीची सवलत लागू असल्याने कर बाजारभावावर न लागता उत्पादनक्षमतेवर लागतो. गाई कमी करायच्या असतील तर हीच सवलत वन्यजीव व्यवस्थापनाच्या आधारे चालू ठेवता येते. त्यासाठी पाणी पुरवणे, अधिवास सुधारणे, गणना करणे अशा सात कामांपैकी किमान तीन दरवर्षी करावी लागतात. मात्र ही कामे स्थानिक वन्यजीवांसाठी असावी लागतात, चितळांसाठी नव्हे. वापर बदलून सवलत गेली तर मागील तीन वर्षांच्या कराचा फरक भरावा लागतो.

कागदपत्रांत मात्र दोन गोष्टी खटकल्या. जमिनीखालील खनिजांचे हक्क पूर्वीच वेगळे काढलेले असून ते या विक्रीत येत नाहीत. टेक्सासच्या कायद्यात खनिजांच्या मालकाला वाजवी गरजेपुरता पृष्ठभाग वापरण्याचा अधिकार असतो, म्हणजे आपल्या कुरणातून त्याचा रस्ता जाऊ शकतो. दुसरी गोष्ट पाण्याची. येथे जमीनमालक आपल्या जमिनीखालचे पाणी उपसू शकतो, परंतु शेजाऱ्यालाही तोच अधिकार असल्यामुळे पातळी आपल्या हातात राहत नाही. दोन्ही बोअरवेलच्या खोलीची आणि पाण्याच्या पातळीची जुनी नोंद आम्ही मागितली असता दलालाने ‘पाणी कधी आटले नाही’ एवढेच उत्तर दिले. ऑगस्टमधील उपशाची लेखी चाचणी आणि खनिज-हक्कधारकाकडून पृष्ठभाग न वापरण्याचा करार, या दोन अटींवर मागितलेल्या किमतीपेक्षा बऱ्याच कमी रकमेचा प्रस्ताव आम्ही कळवला आहे, आणि तोवर इसार दिलेला नाही.