नऊ महिने आणि अकरा हजार फोटो: वापरलेला डी७००० पहिला डीएसएलआर म्हणून

नवा एंट्री-लेव्हल, म्हणजे नवशिक्यांसाठीचा कॅमेरा आणि त्यासोबत येणारी १८-५५ची किट लेन्स, की तेवढ्याच पैशांत वरच्या वर्गातली जुनी, वापरलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि एक चांगली लेन्स? पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) घेताना दीड महिना मी याच एका प्रश्नात अडकले होते. शेवटी वापरलेला निकॉन डी७००० घेतला आणि त्यावर वापरलेलीच ५० एमएम एफ/१.८डी लेन्स. त्याला आता नऊ महिने झाले, अकरा हजारांवर फोटो काढून झाले. बजेट तोकडं आहे आणि फोटोग्राफी मनापासून शिकायची आहे, अशा कुणालाही मी आज हाच रस्ता सांगेन. मात्र त्यात काही ठिकाणी ठेच लागते, तेही सविस्तर लिहिते.

आधी डी७०००च का, ते. हा कॅमेरा सप्टेंबर २०१० मध्ये आला. वय ऐकूनच बरेच जण नाक मुरडतात. पण जुने डीएसएलआर आज आवाक्यात आलेत ते ते खराब झाले म्हणून नाही. बाजाराचा ओघ मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळला आहे. निकॉननं २०२० मध्ये डी७८० आणि डी६ आणले, त्यानंतर नवा डीएसएलआर आलेला नाही. हौशी मंडळी मिररलेस घेतात आणि आपलं जुनं सामान विकायला काढतात. चांगल्या उजेडात जो सेन्सर तेव्हा सुंदर फोटो देत होता, तो आजही तसेच देतो.

माझ्यासमोर दुसरा पर्याय होता निकॉनच्याच डी३३००चा. तो २०१४ चा, म्हणजे नवा, हलका, २४ मेगापिक्सेलचा. डी७००० फक्त १६ मेगापिक्सेलचा. कागदावर डी३३०० सरळ जिंकत होता. मग दोन्ही कॅमेरे हातात घेतले, आळीपाळीनं डोळ्याला लावले आणि माझा निर्णय तिथेच झाला. डी३३००च्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या भागात, आरसे जोडून केलेला पेंटामिरर आहे आणि त्यात फ्रेमचा ९५ टक्के भाग दिसतो. डी७०००मध्ये काचेचा अखंड पेंटाप्रिझम आहे, पूर्ण १०० टक्के फ्रेम दिसते, चित्रही मोठं आणि उजळ. एकातून बोगद्याच्या टोकाशी बघितल्यासारखं वाटलं, दुसऱ्यातून खिडकीतून. तासन्तास ज्याला डोळा लावून बसायचं, त्याचा विचार मेगापिक्सेलच्या आधी करायला हवा. आणि १६ मेगापिक्सेल म्हणजे ४९२८ बाय ३२६४ पिक्सेल. ३०० डीपीआयनं छापलं तरी साधारण १६ बाय ११ इंचांचा प्रिंट निघतो. मी अजून त्याहून मोठा काढलेला नाही.

दुसरं कारण फोकस मोटरचं, आणि नवखे लोक नेमके इथे फसतात. निकॉनच्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. बॉडीतली मोटर एका बारीक स्क्रूनं लेन्सचा फोकस फिरवते. डी३३००सारख्या एंट्री-लेव्हल बॉडीत ही मोटरच नाही. त्यामुळे तिथे ५० एमएम एफ/१.८डी बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानं करावा लागतो. डी७०००मध्ये मोटर आहे, म्हणून वर्षानुवर्षांच्या जुन्या, स्वस्त आणि उत्तम लेन्स ऑटोफोकससह चालतात. बॉडीवर थोडं वाचवणं सोपं असतं. खरी बचत लेन्समध्ये होते, आणि तो दरवाजा उघडा राहील अशीच बॉडी घ्यावी.

आता खरेदीबद्दल. वापरलेल्या कॅमेऱ्यात पहिला आकडा बघायचा तो शटर काउंटचा, म्हणजे आजवर शटर किती वेळा पडलं. डी७०००चं शटर १,५०,००० वेळा चालवून तपासलेलं असल्याचं कंपनी सांगते. मी घेतला तेव्हा आकडा ४१,००० च्या आसपास होता. निकॉनच्या फोटोत हा आकडा लिहिलेला असतो आणि एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमनं तो वाचता येतो. अट एवढीच, की फाइल थेट कार्डावरची, मूळ हवी. याआधी दुसरी एक बॉडी मी जवळपास घेतलीच होती. विकणाऱ्यानं काउंट ८,००० सांगितला आणि मेसेजवर एक फोटो पाठवला. मेसेजमधून आलेल्या फोटोत असली माहिती बहुतेकदा उरत नाही. म्हणून लॅपटॉप घेऊन गेले, स्वतः एक फोटो काढला, कार्ड लावलं, तर काउंट ६३,०००. मी नमस्कार करून परत आले. ६३,००० सुद्धा वाईट आकडा नाही, खरं सांगितलं असतं तर कदाचित घेतलीही असती.

बाकी तपासणीला पंधरा मिनिटं पुरतात. एफ/१६ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) बारीक करून, मोकळ्या आभाळाचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. लेन्सचं झाकण लावून काही सेकंदांचं एक्सपोजर दिलं की चमकणारे पिक्सेल कळतात. लेन्समधून टॉर्च आरपार टाकायचा आणि तिरकं बघायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा दिसल्या तर ती बुरशी, अशी लेन्स फुकट दिली तरी नको. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का, दोन्ही कार्ड स्लॉट चालतात का, प्रत्येक बटण आणि डायल फिरतो का, हेही बघून घ्यायचं. धूळ माझ्याही सेन्सरवर होती, तीन ठिपके. साध्या हवेच्या ब्लोअरनं दोन गेले, तिसरा ओल्या स्वॅबनं साफ केल्यावर गेला. धूळ ही घाबरण्याची गोष्ट नाही, पण किंमत ठरवताना सांगण्यासारखी नक्की आहे.

पहिल्या संध्याकाळी माझा जीव घाबरा झाला होता. लेन्स लावली, कॅमेरा सुरू केला, तर वरच्या छोट्या पडद्यावर ‘एफईई’ अशी अक्षरं लुकलुकायला लागली आणि शटर काही पडेना. वाटलं, बिघडलेला गळ्यात पडला. अर्धा तास मॅन्युअल चाळल्यावर उलगडा झाला. डी लेन्सवर अ‍ॅपर्चरची स्वतंत्र रिंग असते. ती सर्वांत मोठ्या आकड्यावर, माझ्या लेन्सवर २२ वर, नेऊन शेजारच्या छोट्या खटक्यानं अडकवावी लागते. मग अ‍ॅपर्चर बॉडीवरून चालतं. रिंग फिरवली, खटका सरकवला, अक्षरं गेली. जुनी डी लेन्स घेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं.

या लेन्सनं मला जे शिकवलं, ते किट लेन्सनं शिकवलं असतं असं वाटत नाही. किट लेन्स ५५ एमएमला एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ वर तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे घरात दिव्याखाली जिथे तिला आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ३२०० लागेल, तिथे माझं ३२० वर भागतं. पण या उघड्या अ‍ॅपर्चरची किंमतही असते. आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. मी लेन्सच्या अगदी जवळच्या मर्यादेपर्यंत, अर्ध्या मीटरच्या आत-बाहेर गेले आणि एफ/१.८ वर वीस-बावीस फोटो काढले. सगळे वाया गेले. एकात सुईचं नेढं धारदार, तर दोऱ्याचं टोक धूसर. दुसऱ्यात बोटाच्या रेषा स्पष्ट, तर सुई गायब. एवढ्या जवळून एफ/१.८ ला जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोलीच फोकसमध्ये राहते. एफ/४ केल्यावर ती साधारण एक सेंटीमीटर झाली. त्यात नेढं, दोऱ्याचं टोक आणि बोट तिन्ही मावलं. तो फोटो आता भिंतीवर आहे. अ‍ॅपर्चर म्हणजे काय, हे मी त्या दुपारी शिकले. वाचलेलं त्याआधीही होतं.

त्याच फोटोंमुळे आणखी एक गोष्ट कळली. नेढ्यावर फोकस धरूनही धार दरवेळी थोडी मागे पडत होती. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना प्रकाशाचा काही भाग मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून खालच्या वेगळ्या फोकस सेन्सरकडे जातो. फोटो घेणारा सेन्सर निराळा. या दोन वाटांच्या अंतरात केसभर फरक पडला, तरी उघड्या अ‍ॅपर्चरला तो दिसतो. कुठल्याही बॉडी-लेन्सच्या जोडीत हे होऊ शकतं, रचनाच तशी आहे. डी७०००मध्ये यावर उपाय आहे: मेनूत एएफ फाइन ट्यून, उणे २० ते अधिक २०. वर्तमानपत्राचं पान तिरकं ठेवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, एका ओळीवर फोकस धरून पुन्हा पुन्हा फोटो काढले. उणे ७ वर ती ओळ धारदार आली. डी३३००मध्ये ही सोय नाही, तिथे लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या पडद्यावर बघून) जाऊनच फोकस करावा लागला असता.

रोजच्या वापरात सर्वांत जास्त सुख दिलं ते दोन डायलनी. अंगठ्याखाली शटरचा वेग, तर्जनीखाली अ‍ॅपर्चर. एंट्री-लेव्हलला एकच डायल असतो, मॅन्युअलमध्ये अ‍ॅपर्चरसाठी बटण दाबून तोच फिरवायचा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मॅन्युअल मोडची माझी भीती दुसऱ्या आठवड्यात गेली ती यामुळेच. मोड डायलवरचे यू१ आणि यू२ (आपल्या सेटिंग साठवायच्या दोन जागा) हे तर मी पूर्णपणे माझे करून टाकलेत. यू१ मध्ये घरातली माणसं: एफ/२.८, ऑटो आयएसओ ३२०० पर्यंत, शटर किमान १/१२५. यू२ मध्ये पळणारी मुलं: शटर १/१०००. डायल फिरवला की सगळं एका झटक्यात बदलतं.

आता जिथे हात आखडतो ते. व्हिडिओसाठी हा कॅमेरा घेऊच नये. फुल एचडी आहे, पण सेकंदाला २४ फ्रेमच आणि रेकॉर्डिंग चालू असताना ऑटोफोकस चाचपडतो. वाय-फाय नाही, त्यामुळे फोटो लगेच फोनवर हवे असतील तर कार्ड रीडर जवळ बाळगा. सेकंदाला ६ फ्रेम निघतात, पण रॉमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) सुमारे १० फोटोंनंतर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि कॅमेरा मंदावतो. पळत्या मुलांच्या वेळी मी सरळ जेपेगवर जाते. आयएसओ १६०० पर्यंत निर्धास्त, ३२०० ला सावलीत दाणे दिसतात, ६४०० फक्त नाइलाज म्हणून. याउलट आयएसओ १०० ला रॉमध्ये अंधाऱ्या भागातून जे तपशील वर काढता येतात, ते बघून मी आजही थक्क होते. वजन बॅटरी-कार्डासह ७८० ग्रॅम, त्यावर लेन्स. सोबत मिळालेला अरुंद पट्टा मानेला काचायचा, रुंद पट्टा घेतल्यावर तो त्रास संपला.

५० एमएम या सेन्सरवर ७५ एमएमसारखी वागते, म्हणजे घरात चार माणसं एका फ्रेममध्ये घ्यायची तर पाठ भिंतीला टेकते. पाचव्या महिन्यात मी वापरलेली ३५ एमएम एफ/१.८जी घेतली, आणि तेव्हापासून दहापैकी सात फोटो तिचेच असतात. आज पुन्हा सुरुवात करायची असती तर ३५ आधी घेतली असती आणि ५० नंतर.

बजेट आखताना बॉडीवर अर्ध्याहून कमी ठेवा. उरलेल्यातून लेन्स, दोन कार्डं, ब्लोअर आणि दुसरी बॅटरी. बॅटरी मूळ कंपनीचीच घ्या. मी एकदा स्वस्तातली नक्कल घेतली, ती दोनशे फोटोंत मान टाकते आणि किती चार्ज उरलाय तेही धड दाखवत नाही. मूळ बॅटरीवर मला दिवसभरात चार्जर शोधावा लागलेला नाही.

आता मी वापरलेला एसबी-७०० फ्लॅश शोधते आहे. डी७०००चा छोटा अंगचा फ्लॅश बाहेरच्या फ्लॅशला वायरशिवाय हुकूम देऊ शकतो, मेनूत त्याला कमांडर मोड म्हणतात. फ्लॅश कॅमेऱ्यावर न लावता बाजूच्या कपाटावर ठेवून, संध्याकाळी, त्याच खिडकीशी आईचा फोटो पुन्हा काढायचा आहे.