एकच जागा की दर वेळी नवी?

बाहेर बसून चित्र काढायचं, तर विषय कुठे शोधायचा? नव्या जागी हात लगेच चालतो. पण सगळंच काढावंसं वाटतं आणि कागदावर नुसती गर्दी होते. झटपट पेन्सिल स्केचिंगला मात्र नवी जागाच बरी.

ओळखीच्या जागी शोधाशोध संपलेली असते, मग नजर उजेडाकडे वळते. सकाळी झाडाची सावली लांब, निळसर. दुपारी बुंध्याशी गोळा झालेली. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०-९१ च्या सुमारास गवताच्या गंजी २५ च्या आसपास वेळा रंगवल्या. ऊन सरकलं की तो कॅनव्हास बदलायचा. रंगकाम करणार असाल, तर माझं मत ओळखीच्या जागेला. कंटाळा आलाच, तर तिथेच पाठ फिरवून बसा.