लेदर सीटची "ट्रीटमेंट" करून घेताय? आधी हे वाचा

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण गाडीत लेदर सीट असतील आणि कुणी कोटिंग करून घ्या म्हणून मागं लागलं असेल तर पूर्ण वाचा, कारण आमच्याबरोबर जे झालं ते अगदी ठरवून केलेलं होतं आणि तीच पद्धत वापरून अजून लोकांना गंडवणं चालूच आहे.

आमची गाडी सेकंडहँड, सीट टॅन रंगाच्या, पुढच्या दोन व्हेंटिलेटेड, म्हणजे बारीक भोकांच्या आणि खाली हवेचा पंखा असलेल्या. इथं कोल्हापुरात एका नव्या डिटेलिंगवाल्याकडं (गाडीची आतून-बाहेरून बारीक सफाई आणि पॉलिश करणारा) नुसती धुवायला दिली होती. तिथला माणूस ड्रायव्हर सीटपाशी घेऊन गेला, एका बाटलीतलं काहीतरी पांढऱ्या फडक्यावर ओतलं, सीटच्या कडेला खसाखसा घासलं आणि फडकं समोर धरलं, "बघा साहेब किती मळ, लेदर आतून मरायला लागलंय." मग दुसऱ्या कोपऱ्यावर त्यांचं कोटिंग लावलं, वर पाणी शिंपडलं, थेंब गोळा होऊन घरंगळले. क्लीनिंग, कंडिशनिंग (लेदर मऊ राहावं म्हणून क्रीम चोळणं), सिरॅमिक कोटिंग (वरून लावायचा संरक्षक थर), 3 वर्षांची वॉरंटी, सगळं मिळून 14 हजार. कार्ड पण दिलं छापलेलं. पैसे यूपीआयने घेतले आणि पक्कं बिल "व्हॉट्सॲपवर टाकतो" म्हणाले ते आजतागायत आलेलं नाही.

गाडी मिळाली तेव्हा सीट नुसत्या चकचकीत, बसलं की घसरायला होत होतं. थोडे दिवस गेले, उन्हात गाडी लावली की सीट चिकट लागायला लागली, धूळ जी बसायची ती फडक्यानं पण निघेना. मग उतरताना-चढताना मांडी घासते ना त्या कडेचा रंग उडाला, खाली फिकट पट्टा आणि बारीक चिरा. भोकांमध्ये पांढरी क्रीम वाळून बसली होती, टाचणीनं उकरली तर खडूसारखी भुकटी.

परत गेलो तर म्हणे जीन्समुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही. आणि वर काय, "सीट कव्हर टाकून घ्या, तुम्हाला डिस्काउंट देतो." मला सगळ्यात जास्त राग याचा आला, कारण आमच्या गाडीत साइड एअरबॅग सीटच्या बाजूतनंच उघडतात आणि तिथं साधं कव्हर घट्ट चढवलं तर एअरबॅग अडकू शकते. आधी सीट खराब करायची आणि मग तीच झाकायला जिवाशी खेळणारी वस्तू विकायची.

शेवटी ओळखीच्या एका जुन्या कुशनवाल्या मामांना सीट दाखवली. त्यांनी पहिल्यांदा विचारलं फडक्याचा रंग कुठला होता. म्हटलं तपकिरी. "मग मळ कसला त्यो, रंग हाय सीटचा. मळ काळपट निघतोय." बाटलीत थिनर नाहीतर तसलंच काहीतरी होतं आणि डेमोच्या नावाखाली आमच्याच सीटचा रंग काढून आम्हाला दाखवला. पाण्याच्या थेंबाचं पण तसंच, मामांनी मागच्या सीटच्या पाठीवर, जिथं कुणी काहीच लावलं नव्हतं, तिथं पाणी टाकलं, तिथंही थेंब तसेच उभे राहिले.

कारण गाडीचं लेदर सहसा उघडं नसतंच. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, उघडं असतं, ते तेल पितं म्हणून लोक तेल लावतात. गाडीच्या सीटवर रंग आणि त्यावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यावर कंडिशनर चोळणं म्हणजे ऑइलपेंट मारलेल्या दाराला तेल पाजणं. थर शाबूत असेल तर पाणी थांबणारच, त्यात कोटिंगचा काही पराक्रम नाही. आणि बऱ्याच गाड्यांत "लेदर सीट" म्हणजे बसायचा-टेकायचा भाग तेवढा लेदर, बाजू आणि सीटची मागची बाजू लेदरेट, म्हणजे प्लॅस्टिकच. त्याला कसलं कंडिशनिंग! ती चकाकी बहुतेक सिलिकॉनच्या पॉलिशची, असं मामांचं म्हणणं.

घरी करायचं काम खरंच साधं आहे. आधी मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम, कारण वाळूचे कण राहिले की तेच थर खरवडतात. मग पीएच न्यूट्रल (ना आम्ल ना अल्कली, म्हणजे सौम्य) लेदर क्लीनर फडक्यावर किंवा मऊ ब्रशवर घ्यायचा, सीटवर फवारायचा नाही, भोकांच्या सीटवर तर अजिबातच नाही, खाली पंखा असू शकतो. हलक्या हातानं फेस करायचा, ओल्या मायक्रोफायबरनं पुसायचं, लगेच कोरडं करायचं. सॅनिटायझर, थिनर, खोबरेल तेल लांब ठेवा. उन्हात लावताना काचेला सनशेड, पावसाळ्यात ओल्या सीटवर गाडी बंद करून ठेवू नका, बुरशी येते. मूळ सीट मॅट असतात, चकाकी दिसली की आधी शंका घ्या.

आणि कुणी डेमो देत असेल तर फडकं आधी स्वतः नुसत्या पाण्यात भिजवून द्या, बाटलीवरचं लेबल वाचा, फोटो काढा. नाव नसलेल्या बाटलीतनं ओतत असतील तर तिथंच थांबवा. गाडी देण्याआधी सीटचे जवळून फोटो आणि हातात जीएसटी बिल, याशिवाय पैसे सोडू नका.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये, यूपीआयची नोंद, वॉरंटी कार्ड आणि आधी-नंतरचे फोटो जोडून. तिथं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि 2 वर्षांपर्यंत तक्रार करता येते. ज्यांचं असंच झालंय त्यांनी बिल नाही म्हणून गप्प बसू नका, पैसे दिल्याची नोंद आणि चॅट पण पुरावा म्हणून लावता येतात.