शिकवणाऱ्याचा रेडिओ एका कंपनीचा, शिकणाऱ्याचा दुसऱ्या: बडी बॉक्स कसा जोडावा?

भातकापणी उरकली की खानापूर-बेळगाव पट्ट्यातली शेतं मोकळी पडतात आणि रिमोटची मॉडेल विमानं उडवायला जागा होते. दरवर्षी याच दिवसांत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "पोराकडे फ्लायस्कायचा रेडिओ आहे, शिकवणाऱ्या काकांकडे दुसऱ्याच कंपनीचा. जुळतील का, की नवा घ्यायचा?" विचारणारे कधी वडील असतात, कधी इंजिनिअरिंगची पोरं. घाईने नवा रेडिओ घेऊ नका, हे मी आधी सांगतो. पण "जुळतात की" एवढं बोलून मोकळं होणंही बरोबर नाही. काही जोड्या दहा मिनिटांत जुळतात. काही मात्र जमिनीवर जुळल्यासारख्या दिसतात आणि हवेत दगा देतात.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: बडी बॉक्स म्हणजे दोन ट्रान्समीटरची, म्हणजे विमान चालवणाऱ्या दोन रेडिओंची, जोडी. विमानाशी बोलतो तो शिकवणाऱ्याचा, म्हणजे मास्टर. त्यावरचा ट्रेनर स्विच दाबून धरला की शिकणाऱ्याच्या काड्या (रेडिओवरच्या दांड्या) चालतात, सोडला की ताबा लगेच मास्टरकडे येतो. जुन्या वाटेने दोघांमध्ये केबल असते आणि तिच्यातून पीपीएम सिग्नल जातो. साधारण २२.५ मिलिसेकंदांच्या एका फेरीत सगळ्या चॅनेलचे (विमानाच्या प्रत्येक हालचालीला एक चॅनेल) आकडे एकापाठोपाठ येतात, प्रत्येक सुमारे १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा, मध्य १५०० च्या आसपास. ही भाषा जवळजवळ सगळ्या कंपन्या बोलतात, म्हणून तर वेगवेगळे रेडिओ जोडता येतात. केबलमधून चॅनेल जातात, काड्यांची जागा जात नाही. त्यामुळे मोड १ वर (थ्रॉटल, म्हणजे वेगाची काडी, उजवीकडे) उडवणारा माणूस मोड २ वाल्या (ती डावीकडे) पोराला आरामात शिकवू शकतो.

खरी अडचण चॅनेलच्या क्रमाची आहे. फुटाबा, हायटेक आणि फ्लायस्काय यांच्यात पहिला एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलतं करणारा), मग एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा), थ्रॉटल आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा). स्पेक्ट्रम आणि जुन्या जेआरमध्ये पहिला थ्रॉटल, मग एलेरॉन, एलेव्हेटर, रडर. चौथा दोन्हीकडे तोच, पहिले तीन सरकलेले.

हे सरकणं किती फसवं असतं ते मी स्वतः पाहिलंय. दोन वेगळ्या क्रमांचे रेडिओ होते, केबल मीच सोल्डर केलेली. जमिनीवर रडर हलवून पाहिला, नीट हलला, आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं. वर जाऊन ताबा दिला तेव्हा त्या पोराचा थ्रॉटल बरोबर मध्यावर होता, म्हणून विमान सरळच चाललं. मग त्याने वेग कमी करायला थ्रॉटल खाली घेतला आणि विमान डावीकडे कलंडलं. त्याचा थ्रॉटल माझ्याकडे एलेरॉन झाला होता. त्याने घाबरून एलेव्हेटर ओढला, तर मोटरचा आवाज बदलला. "काका, हे माझं ऐकीना झालंय!" मी बटण सोडलं, उंची होती, विमान वाचलं. त्या दिवसापासून चारही काड्या टोकापासून टोकापर्यंत हलवून पाहिल्याशिवाय मी कुणाला ताबा देत नाही.

म्हणून पहिला प्रश्न कंपनीचा नाही. शिकवणाऱ्याचा रेडिओ आलेले चॅनेल आपल्या मनासारखे लावून घेऊ शकतो का, हे आधी बघा. इथेच निवड खऱ्या अर्थाने ठरते.

मास्टर एजटीएक्स किंवा जुन्या ओपनटीएक्सवर (रेडिओच्या आतली मोफत सॉफ्टवेअर) चालणारा असेल, म्हणजे रेडिओमास्टर टीएक्स१६एस किंवा फ्रस्कायचा टारानिस, तर समोरचा रेडिओ जवळपास कुठलाही चालतो. ट्रेनरच्या पानावर प्रत्येक काडीसाठी तुम्ही सांगता: येणाऱ्यांपैकी कितवा चॅनेल घ्यायचा, किती टक्के घ्यायचा, उलटा घ्यायचा का, आणि माझ्या काडीच्या जागी घ्यायचा की माझ्या काडीत मिळवायचा. मिळवण्याची सोय मला फार मोलाची वाटते. पहिल्या दिवशी पोराला फक्त एलेरॉन द्यायचा, तोही ५० टक्के. थ्रॉटल आणि एलेव्हेटर आपल्या हातात. मध्य जुळत नसेल तर त्याच्या सगळ्या काड्या, थ्रॉटलसुद्धा, मध्यावर ठेवून त्याच पानावरचं कॅलिब्रेशन करायचं. टीएक्स१६एसवर सोडताच परत येणारा स्विच असतो, तोच ट्रेनरला द्यावा. केबल मध्येच निसटली तर हे रेडिओ आपोआप शिकवणाऱ्याच्या काड्यांवर येतात.

मास्टर फुटाबा आणि शिकणारा फ्लायस्काय, ही जोडी क्रमाच्या बाबतीत सुखाची. पण दोन गोष्टी तपासाव्या लागतात. फुटाबाचा मध्य १५२० मायक्रोसेकंदांवर असतो, त्यामुळे ताबा देताना विमान किंचित हिसका घेऊ शकतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: फुटाबात थ्रॉटलची मूळ दिशा इतरांच्या उलट असते. शिकणाऱ्याच्या रेडिओवर तो रिव्हर्स करावा लागेल का, हे विमानाचा पंखा (प्रोपेलर) काढूनच बघा. फुटाबाच्या बऱ्याच रेडिओंवर ट्रेनरचे नॉर्म आणि फंक असे प्रकार मिळतात. नॉर्ममध्ये शिकणाऱ्याचा सिग्नल जसाच्या तसा विमानाला जातो, म्हणजे त्याच्या रेडिओवरही तुमच्यासारखेच ट्रिम (मध्याची बारीक दुरुस्ती), रिव्हर्स (उलटी दिशा) आणि मिक्स (एका काडीने दोन गोष्टी हलवणं) हवेत. फंकमध्ये त्याच्या काड्यांवर तुमचे मिक्स लागतात. शिकवायला फंक बरा.

मास्टर साधा, जुना स्पेक्ट्रम आणि शिकणारा फ्लायस्काय, ही जोडी मी केबलने करू नका असंच सांगतो. क्रम सरकलेला, आणि मूळ फर्मवेअरचा (कंपनीच्याच सॉफ्टवेअरचा) फ्लायस्काय एफएस-आय६ आपला क्रम मोकळेपणाने बदलू देत नाही. मध्ये छोटा आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारी सर्किटची पाटी) बसवून क्रम फिरवणारे लोक आहेत. हौस असेल तर जरूर करा, पण पहिल्यांदा विमान शिकणाऱ्या पोराच्या जिवावर तो प्रयोग नको.

आणि एफएस-आय६ हा मास्टर? सर्वात स्वस्त रेडिओंपैकी एक, म्हणून मोह होतो. त्याच्या मेनूत ट्रेनर मोड आहे, स्टुडंट मोडही आहे. पण त्याचे स्विच टाकले की तिथेच राहतात, सोडल्यावर परत येत नाहीत. शिकवणाऱ्याचं बोट घाबरून सुटलं तर ताबा परत यायला हवा. इथे आठवणीने स्विच उलटा टाकावा लागतो. शिकणाऱ्याच्या हातात मात्र हा रेडिओ उत्तम.

केबलच्या कनेक्टरबद्दलही सांगतो, कारण तिथे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. स्पेक्ट्रम, टारानिस आणि टीएक्स१६एसला ३.५ मिमीचा जॅक, तो मोनो घ्यावा. एफएस-आय६ला एस-व्हिडिओसारखी चार पिनांची गोल मिनी-डिन. जुन्या फुटाबांना सहा पिनांची मोठी गोल डिन, नव्यांना छोटा चौकोनी कनेक्टर. बेळगावच्या खडेबाजारात ३.५ मिमीचा जॅक सहज मिळतो, एस-व्हिडिओची केबल शोधावी लागते. सोल्डर करण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासा. काही रेडिओंच्या पोर्टवर बॅटरीचे व्होल्ट येतात, आणि ती पिन चुकून समोरच्या सिग्नलला लागली तर रेडिओ जाऊ शकतो. साधारण सिग्नल आणि ग्राउंड या दोनच तारा जोडायच्या. डीएक्स६आयसारखा स्पेक्ट्रम शिकणाऱ्याकडे असेल तर त्याचा पॉवर स्विच बंदच ठेवायचा. केबल घातली की तो स्वतःहून जागा होतो, हवेत सिग्नल न सोडता. हे माहीत नसल्याने पुष्कळजण "रेडिओ बिघडला" म्हणून परत जातात.

आता बिनतारी वाटा. केबलमध्ये पाय अडकतो, माळावर वारा असतो आणि पोरगं वळणाबरोबर अंगही वळवतं. त्यामुळे बिनतारी जोडणी चैन वाटली तरी तिचा उपयोग मोठा आहे.

स्पेक्ट्रमच्या डीएक्स९सारख्या रेडिओंमध्ये शिकणाऱ्याचा डीएसएम२ किंवा डीएसएमएक्स (स्पेक्ट्रमच्या बिनतारी भाषा) ट्रान्समीटर थेट मास्टरला बाइंड होतो, म्हणजे बिनतारी जोडला जातो, जणू मास्टरच त्याचा रिसीव्हर. दोघेही स्पेक्ट्रमवाले असाल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, हेच करा. पण ही सोय त्याच घरातली. फ्लायस्कायवाल्याला तिथे दार नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांसाठी मला सर्वात आवडणारी वाट अशी: शिकणाऱ्याच्या कंपनीचा एक रिसीव्हर घ्या आणि त्याचं पीपीएम आउटपुट मास्टरच्या ट्रेनर जॅकला द्या. फ्लायस्कायचा एफएस-आयए६बी पीपीएम देतो. त्याला ४.८ व्होल्टचा चार सेलचा छोटा पॅक लावायचा, रिसीव्हर मास्टरच्या पाठीला वेल्क्रोने चिकटवायचा. शिकणारा दहा पावलं लांब उभा राहिला तरी चालतं. एक धोका मात्र समजून घ्या. शिकणाऱ्याचा रेडिओ बंद पडला आणि रिसीव्हर शेवटचे आकडेच पाठवत राहिला, तर मास्टरला काही कळत नाही आणि विमान त्याच वळणात जात राहतं. म्हणून त्या रिसीव्हरचा फेलसेफ, म्हणजे रेडिओ तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग, सिग्नल थांबवण्यावर लावा. तशी सोय नसेल तर बटणावरचं बोट एवढाच तुमचा फेलसेफ, हे लक्षात ठेवून शिकवा.

टीएक्स१६एसचा फोर-इन-वन मॉड्यूलचा (अनेक कंपन्यांच्या भाषा बोलणाऱ्या मल्टी मॉड्यूलचा) प्रकार तुमच्याकडे असेल तर आणखी एक फायदा: तो फ्लायस्कायचा एएफएचडीएस २ए, डीएसएमएक्स, फ्रस्कायचे जुने प्रोटोकॉल आणि फुटाबाचा एस-एफएचएसएस बोलतो. म्हणजे पोराच्या विमानातला रिसीव्हर न बदलता विमान तुमच्या रेडिओला बाइंड करता येतं. फुटाबाचा 'फास्ट' (FASST) हा प्रोटोकॉल मात्र त्यात नाही. मागच्या कप्प्यात दुसरा मल्टी मॉड्यूल बसवला तर तोच शिकणाऱ्याचा सिग्नल झेलतो आणि वेगळ्या रिसीव्हरचीही गरज उरत नाही. खर्च वाढतो, पण ज्याच्याकडे दर रविवारी नवं पोर नवा रेडिओ घेऊन येतं, त्याला हा खर्च परवडतो.

विमानातच दोन रिसीव्हर बसवून मध्ये मल्टिप्लेक्सर (कुठल्या रिसीव्हरचं ऐकायचं ते बदलणारी पाटी) लावण्याचीही पद्धत आहे. पोलोलू कंपनीचा चार चॅनेलचा मिळतो. कंपनीचा प्रश्नच संपतो, पण विमानात वजन आणि तारा वाढतात, आणि दोन्ही रेडिओंचे ट्रिम वेगवेगळे सांभाळावे लागतात. एकाच विमानावर वर्षभर शिकवणाऱ्या कॉलेजच्या गटाला ठीक, घरच्याला नको.

मग घ्यायचं काय? वडिलांनी पोरासाठी एफएस-आय६ आधीच घेतला असेल तर तो राहू द्या. पैसे खर्चायचेच असतील तर शिकवणाऱ्याच्या हातात एजटीएक्सचा रेडिओ येऊ द्या; चार घरांनी मिळून एक घेतला तरी गावातल्या सगळ्या पोरांना पुरतो. शिकवणारे काका फुटाबावाले असतील आणि बदलायची इच्छा नसेल, तर पोरासाठी फ्लायस्काय आणि नीट तपासलेली केबल. काका जुन्या स्पेक्ट्रमवाले असतील, तर पोराला वापरलेला डीएक्स६आय शोधा, तेच सोपं पडतं.

जागेबद्दल दोन शब्द, कारण बेळगावात हे टाळून चालत नाही. सांबरा विमानतळ शहरापासून जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांपर्यंतच उडवता येतं, त्याहून जवळ तेवढंही नाही. त्या पट्ट्याबाहेर, हिरव्या झोनमध्ये (जिथे परवानगी लागत नाही) ४०० फूट. शिकवताना चुकीला उंची लागते, म्हणून आम्ही खानापूरकडे जातो. निपाणी-चिकोडीकडे जागा मिळते, पण उभ्या उसात उतरलेलं विमान शोधण्यात अर्धा दिवस जातो. ऊस तुटल्यावरच तिकडे जा.

पहिल्या उड्डाणाआधी पंखा काढून पाच मिनिटं द्या. ताबा द्या, चारही काड्या टोकापर्यंत हलवा. बटण सोडा, काही हलतंय का पाहा. मग बटण दाबलेलं असतानाच केबल उपटा किंवा शिकणाऱ्याचा रेडिओ बंद करा, आणि विमान कुणाचं ऐकतंय ते बघा.

आणि हाका ठरवा. मराठी पोरांशी आम्ही "तुझं" आणि "माझं" म्हणतो. कन्नड बोलणाऱ्या पोरांबरोबर आधी "निंदू" आणि "नंदू" म्हणत होतो, पण वाऱ्यात दोन्ही सारखेच ऐकू येतात. आता ताबा घेताना एकच शब्द, "बिडू" (सोड), आणि पोरगं काड्यांवरून बोटं उचलतं.